मुंबईतला मुक्काम



आपल्याकडे गावात संध्याकाळच्या वेळी एखादा नवखा माणूस आला, तर पारावरची मंडळी त्याला पहिला प्रश्न विचारतात, "पाव्हणं, मुक्काम कुठं?" ह्या प्रश्नात अर्धी चौकशी असते आणि अर्धे आमंत्रण असते. जवळ कोणी सोयरा नसेल तर देवळाची ओवरी असते, चावडी असते, नाहीतर गावाबाहेरची धर्मशाळा असते. रात्र निघून जाते. सकाळी वाटसरू आपल्या वाटेने चालू लागतो.

शहरात हाच प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. तिथे लाखो माणसे, आणि त्यांतल्या हजारो माणसांना रात्री डोक्यावर छप्पर नाही. मग शहराने ह्या माणसांचे आजवर काय केले? त्यांना कोणी आसरा दिला, कोणी हाकलले, कोणी त्यांच्याकडे चालत गेले? आज मी मुंबईच्या इतिहासातून ह्या प्रश्नाचा थोडा मागोवा घेणार आहे. मुंबई एवढ्यासाठी निवडली, की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले कोणी ना कोणी तिकडे गेलेले असते.

गोष्ट 1793 सालापासून धरू. त्या साली सुरतेकडे दुष्काळ पडला आणि भुकेली माणसे मुंबईच्या आसऱ्याला आली. मुंबई तेव्हा कंपनी सरकारच्या ताब्यात होती. ह्या माणसांना पोटाला मिळावे म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि त्या पैशातून त्यांच्या हातून एक रस्ता बांधून घेण्यात आला. आज मुंबई सेंट्रल स्टेशनजवळून नागपाड्याकडे जाणारा जो रस्ता आहे, तोच हा. ज्या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काम झाले, त्याच्या नावावरून त्याला बेलासिस रोड म्हणू लागले. दुष्काळात घरदार सुटलेल्यांनी हा रस्ता केला, अशी नोंद तिथे दगडावर कोरून ठेवली होती. आपण ज्याला दुष्काळी काम म्हणतो, त्याचे मुंबईतले हे जुने उदाहरण. मुंबईने निराश्रितांना काम दिले आणि निराश्रितांनी मुंबईला रस्ता दिला. हा सौदा पुढे पुन्हा पुन्हा झालेला आपल्याला दिसेल. मात्र काम करणाऱ्याने रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न त्या सौद्यात मोकळाच राहिला.

ह्याच बेलासिस रोडवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई ह्या दानशूर पारशी गृहस्थांच्या नावाची धर्मशाळा उभी राहिली. गरीब, म्हातारे, अपंग ह्यांना तिथे आसरा मिळे. त्या काळात शेठ-सावकारांनी मुंबईत अशा कितीतरी धर्मशाळा बांधल्या. त्यामागे पुण्याची भावना होती, आणि ती खोटी नव्हती. पण धर्मशाळेचा घाट नीट पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. धर्मशाळा असते ती वाटसरूसाठी. यात्रेकरू यावा, दोन-तीन रात्री राहावा आणि पुढे जावा, हे तिचे गृहीत. म्हणजे त्या माणसाला दुसरीकडे कुठेतरी घर आहे असे धरून धर्मशाळा बांधलेली असते. शिवाय पुष्कळशा धर्मशाळा एकेका जातीच्या, एकेका पंथाच्या असत. दारावर मुक्कामाच्या आधी जात विचारली जाई. गावातली ओवरीसुद्धा सर्वांना सारखी उघडी नव्हती, हेही आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

ही उणीव ज्याने ओळखली तो पुरुष शाळेत कधी गेला नव्हता. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच आपले गाडगेबाबा. पंढरपूरच्या वारीला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना कोणी थारा देत नाही हे पाहून त्यांनी तिथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकठिकाणी लोकांच्या देणगीतून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि त्यांतल्या एकीवरही स्वतःचा हक्क ठेवला नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी खेड्यापाड्यांतून येणारे रोगी आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. आपल्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी ह्या धर्मशाळेची पायरी अडचणीच्या काळात चढलेली असेल.

गाडगेबाबांच्या कामात आणखी एक विशेष होता. इमारत बांधून ते तिच्या दारात बसून राहिले नाहीत. हातात खराटा घेऊन ते लोकांच्या वस्तीत जात, आंधळ्या-पांगळ्यांना शोधून जेवू घालत, अंगावर पांघरूण घालत. आसरा बांधणे हे एक काम आणि आसऱ्याची गरज असलेल्या माणसापर्यंत जाणे हे दुसरे काम. दोन्ही कामे लागतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढच्या इतिहासात तीच वारंवार विसरली गेली.

आता जरा गिरणगावाकडे वळू. 1850 नंतर मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसांची रीघ लागली. गिरणीने काम दिले, पण बिऱ्हाड दिले नाही. मग ही माणसे राहिली कशी? त्याचे उत्तर असे, की त्यांना त्यांच्या गावाने राहायला जागा दिली. एका गावच्या माणसांनी मिळून चाळीत एक खोली भाड्याने घ्यायची. भिंतीला ट्रंका रचायच्या. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे येऊन त्याच जागेवर झोपायचे. जेवण खानावळीत. गावाहून नवा मुलगा आला, तर बोटीवरून किंवा गाडीतून उतरून तो थेट ह्या खोलीवर यायचा. नोकरी लागेपर्यंत त्याच्याकडे कोणी भाडे मागत नसे. गोव्याच्या मंडळींनीही धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत असेच केले. एकेका गावाचे त्यांचे 'कूड' असत. बोटीवर नोकरी करणारा खलाशी एका सफरीवरून आला की दुसरी मिळेपर्यंत तिथे राहायचा. एका बाजूला ट्रंका, एका बाजूला प्रार्थनेची जागा आणि महिन्याची किरकोळ वर्गणी. ह्यांतले काही कूड अजूनही आहेत.

मंडळी, मुंबईसारख्या शहरात कामकऱ्यांचा पहिला मोठा निवारा ना सरकारने उभारला ना महापालिकेने. तो खेड्यांनी उभारला. ह्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण त्याबरोबर हेही पाहायला हवे, की गावाची खोली ज्याला मिळाली नाही त्याचे काय झाले? ज्याला गावात मान नव्हता, जमीन नव्हती, ज्याची जात त्या खोलीत चालत नव्हती, त्याचे? नवऱ्याने टाकलेल्या बाईचे? घरातून पळालेल्या पोराचे? ह्यांच्या वाट्याला फूटपाथ आला. गावाने ज्यांना काठावर ठेवले, तेच शहरातही काठावर राहिले.

1896 साली मुंबईत प्लेग आला. सरकारला दाट वस्तीची धास्ती बसली आणि 1898 साली शहर सुधारण्यासाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. रुंद रस्ते झाले, हवा खेळू लागली. पण जुनी घरे पाडली गेली त्या वेगाने गरिबांना परवडतील अशी नवी झाली नाहीत. एका गल्लीतून उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागली, आणि ज्यांना तेही जमले नाही ती रस्त्यावर आली.

स्वातंत्र्यानंतर तरी दृष्टी बदलली का? थोडी बदलली, आणि एका बाजूने कडकही झाली. 1959 साली मुंबई राज्यात भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. हेतू असा सांगितला गेला, की भिकाऱ्यांना संस्थेत ठेवून त्यांना काम शिकवावे. पण कायद्यातली व्याख्या पाहा. भीक मागणारा तर भिकारी ठरलाच. शिवाय ज्याच्याजवळ उपजीविकेचे उघड साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी अशा स्थितीत फिरतो किंवा राहतो, की तो भिकेवर जगत असावा असे वाटावे, तोही भिकारी ठरला. म्हणजे काम सुटलेला आणि कपडे मळलेला कोणीही मनुष्य ह्यात सापडू शकतो. पहिल्यांदा सापडला, तर एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात. हा कायदा पुढे दिल्लीसह अनेक ठिकाणी लागू झाला. 2018 साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दारिद्र्य हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. धर्मशाळेने ज्याला पाहुणा मानले होते, त्याला ह्या कायद्याने आरोपी केले होते.

आणि मग 1981 साल उजाडले. जुलै महिना, पाऊस कोसळतो आहे, आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवावे. झोपड्या मोडल्या गेल्या. माणसे बसमध्ये बसवून रवाना झाली. ह्याविरुद्ध ओल्गा टेलिस नावाच्या पत्रकार आणि फूटपाथवर राहणारी काही माणसे न्यायालयात गेली.

त्या खटल्याच्या निकालपत्रात अर्जदारांची हकीकत दिली आहे. त्यांतला एक तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून तो 1961 साली मुंबईस आला. दहिसरला एका रसायनाच्या कारखान्यात त्याला दिवसाला 23 रुपये मिळत. हमरस्त्याच्या फूटपाथवरच्या प्लॅस्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून 2500 रुपये उकळले होते. दुसरा आपल्याकडचाच, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा चांभारकाम करणारा गृहस्थ. गावचे घर पडले आणि 1969 साली तो मुंबईत आला. त्याला महिना 350 रुपयांवर बदली कामगाराची नोकरी लागली. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळवण्यासाठी त्याने गुंडाला 300 रुपये दिले, आणि बांबू नि प्लॅस्टिकला 700 रुपये घातले.

ह्या आकड्यांकडे जरा लक्ष द्या. फूटपाथवरचा माणूस फुकट राहतो, आयते खातो, असा आपला समज असतो. पण ही माणसे रोज कामाला जात होती आणि आडोशासाठी भरमसाट पैसे मोजत होती. सेलमच्या मजुराला बायकामुलांसह बसमध्ये घालून गावी पाठवले. बायको-मुली तिकडे राहिल्या आणि तो पुन्हा मुंबईत येऊन फूटपाथवर राहू लागला. कारण गावात काम नव्हते. बस उलट दिशेने पाठवल्याने दुष्काळ मागे फिरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले. निवृत्तीचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. निकालाचे सार असे: घटनेने जगण्याचा हक्क दिला आहे, आणि उपजीविकेवाचून जगणे शक्य नाही, म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो. हे तत्त्व फार मोठे होते आणि आजही देशभर त्याचा आधार घेतला जातो. मात्र त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की फूटपाथ चालण्यासाठी आहे आणि पालिका रीतसर सूचना देऊन तो मोकळा करू शकते. फक्त पावसाळ्यात, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पूर्वी, कोणाला काढू नये. तत्त्व मिळाले, छप्पर मिळाले नाही.

पण त्याच वर्षी दुसरे एक काम झाले, त्याचे मोल मला कमी वाटत नाही. 'स्पार्क' ह्या 1984 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी भायखळा आणि आसपासच्या फूटपाथवरच्या सुमारे 6000 कुटुंबांची घरोघर जाऊन नोंद केली. घरोघर म्हणायचे, पण घर म्हणजे गोणपाटाचा आडोसा. कुठून आलात, का आलात, काय काम करता, किती वर्षे झाली, असे प्रश्न विचारले. तोवर ही माणसे कुठल्याच यादीत नव्हती. त्यांतल्याच बायकांनी 1986 साली 'महिला मिलन' हा गट उभा केला, आणि रोजचे रुपया-दोन रुपये साठवून आपल्या घराचा विचार आपणच करू लागल्या.

मुलांच्या बाबतीत असेच पाऊल 1996 साली पडले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून 'चाइल्डलाइन' सुरू झाली. स्टेशनवर, रस्त्यावर राहणाऱ्या मुलाने 1098 हा नंबर फुकट फिरवायचा आणि कार्यकर्त्याने त्याच्याकडे जायचे. मुलाने संस्थेकडे यायचे नाही, संस्थेने मुलाकडे जायचे! गाडगेबाबांची रीतच टेलिफोनच्या तारेवरून पुन्हा आली म्हणा ना. पुढे हा नंबर देशभर पोचला.

रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र दिल्लीच्या थंडीने ऐरणीवर आणला. मुंबईत बेघराचा वैरी पाऊस, तर दिल्लीत थंडी. 2009 च्या डिसेंबरात तिथला एक तात्पुरता रात्रनिवारा हटवला गेला आणि कडाक्याच्या थंडीत माणसे उघड्यावर आली. त्यावर जानेवारी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना जाब विचारला, आणि पुढे मोठ्या शहरांसाठी माप ठरले: दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, तोही बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास उघडा. 2013 साली केंद्र सरकारच्या नागरी उपजीविका अभियानात ह्याला पैशाची जोड मिळाली. माणशी किमान 50 चौरस फूट जागा, पाणी, संडास, दिवे, आणि स्त्रिया, कुटुंबे, म्हातारे-आजारी ह्यांची वेगळी सोय, असे नियम झाले.

आता हिशेब करू. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात 17 लाख 73 हजार, महाराष्ट्रात सुमारे 2 लाख 11 हजार, आणि मुंबईत 57 हजारांवर माणसे उघड्यावर सापडली. एका रात्रीत सगळे सापडणे कठीण, म्हणजे खरा आकडा ह्याहून मोठाच असणार. मुंबईची लोकसंख्या त्यावेळी 1 कोटी 24 लाख. लाखामागे एक म्हणजे 124 निवारे हवे होते. पुढच्या कित्येक वर्षांत प्रत्यक्षात चालू झालेले निवारे ह्या आकड्याच्या फार खाली राहिले. जागा महाग, आणि शेजारपाजारचे म्हणतात, "निवारा हवा, पण आमच्या गल्लीत नको."

बरे, निवारा बांधला तरी काही ठिकाणी तो रात्री रिकामा राहतो आणि समोरच्या फूटपाथवर माणसे झोपलेली असतात. असे का? आळशी आहेत म्हणून? नव्हे. हमाल पहाटे बाजारात हजर नसेल तर त्याचे काम दुसऱ्याला जाते, म्हणून तो बाजाराशेजारीच झोपतो. हातगाडी बाहेर ठेवून आत झोपले तर सकाळी गाडी जागेवर असेलच असे नाही. निवारा फक्त पुरुषांचा असेल तर नवरा-बायको आणि पोरे ह्यांनी वेगवेगळे कुठे जायचे? आणि ज्याला आयुष्यभर काठीने उठवले, त्याला सरकारी दाराची भीती वाटते. म्हणूनच निवारा स्टेशन, बाजार, एस.टी. स्टँड ह्यांच्या जवळ असावा असे त्या 2013 च्या नियमांत लिहिले होते. आणि म्हणूनच रात्री वस्तीत फिरणारा, नावाने हाक मारणारा, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारा माणूस निवाऱ्याला लागतोच. असा मनुष्य चार-पाच वेळा येऊन नुसती विचारपूस करून गेला, की सहाव्या वेळी तो बेघर मनुष्य त्याच्याबरोबर चालू लागतो.

इथपर्यंत आल्यावर आणखी एक अडसर दिसतो, आणि तिथे आपल्या गावांचा संबंध येतो. बेघराजवळ कागद नसतो. जन्माची नोंद नाही, रेशनकार्ड नाही, पत्ता नाही. कागद नाही म्हणून धान्य नाही, पेन्शन नाही, बँकेचे खाते नाही. पत्रे मोडतात, सामान ट्रकमध्ये भरले जाते, पावसात भिजते, आणि होते ते कागदही जातात. मग कार्यकर्ता त्याला विचारतो, "शाळेत कधी गेला होतास का?" पुष्कळदा उत्तर येते, "गेलो होतो, दुसरीपर्यंत." ती दुसरीपर्यंतची शाळा कुठल्या तरी खेड्यात असते, आणि तिच्या जनरल रजिस्टरात त्याचे नाव, जन्मतारीख, गाव, सारे लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा एक दाखला मिळाला, तर माणसाची ओळख पुन्हा उभी राहू शकते.

म्हणून शिक्षक श्रोत्यांना माझी विनंती आहे. शाळेची जुनी रजिस्टरे वाळवी आणि ओल ह्यांपासून जपा. मुंबई-पुण्याहून एखाद्या अनोळखी माणसासाठी दाखला मागणारे पत्र आले, तर ते बाजूला ठेवू नका, वेळात वेळ काढून जुनी पाने चाळा. आणि गावकरी मंडळींना एवढेच सांगणे, की गावातून जो कोणी कामासाठी शहरात गेला, त्याचा पत्ता-ठिकाणा गावात कोणीतरी लिहून ठेवावा. त्याच्याकडून सहा महिने खबर आली नाही, तर त्याची चौकशी करावी. विशेषतः ज्याच्या मागे विचारणारे कोणी नाही त्याची, मग तो कुठल्याही आळीतला असो. पूर्वी गावांनी गिरणगावात खोल्या घेतल्या, तेव्हा जे काठावर राहून गेले, त्यांचीही आठवण ह्यावेळी राहू द्या.